मालिश आणि अंगमर्दनाचे व्यावसायिक शिक्षण : सोलापूरच्या नवोदितांसाठी मार्गदर्शक

सोलापुरात मालिशीचे काम नवे नाही. तालमीत मेहनत झाल्यावर मल्ल एकमेकांचे अंग रगडतात, बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावून शेक देणाऱ्या अनुभवी बायका शहराच्या जवळपास प्रत्येक पेठेत आहेत, आणि आषाढी वारीत पालख्या जिल्ह्यात आल्या की माळशिरस, अकलूज, वेळापूर या मुक्कामांवर वारकऱ्यांचे पाय चेपण्याची सेवा करायला लोक मनापासून पुढे येतात. आता याच कामाला नोकरीचे आणि व्यवसायाचे रूप आले आहे. पंचकर्म केंद्रे, निसर्गोपचार केंद्रे, स्पा, व्यायामशाळा आणि मोठी हॉटेले यांना शिकलेली माणसे हवी असतात, आणि सोलापूरचे अनेक तरुण-तरुणी त्यासाठी पुण्या-मुंबईला किंवा हैदराबादला जातात.

या व्यवसायात येऊ पाहणाऱ्याने सर्वांत आधी एक गोष्ट समजून घ्यावी. भारतात डॉक्टर किंवा परिचारिका यांना जशी नोंदणी सक्तीची आहे, तसा मालिश करणाऱ्यासाठी देशभर लागू असलेला स्वतंत्र परवाना नाही. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत परवान्याशिवाय मोबदला घेऊन मालिश करता येत नाही. फ्लोरिडात त्यासाठी किमान ५०० तासांचे आणि न्यूयॉर्क राज्यात किमान १००० तासांचे शिक्षण लागते. जपानमध्ये अन्मा, मसाज व शिआत्सु (हाताने चोळून, दाबून करायचे उपचार) या कामासाठी तीन वर्षांचे शिक्षण आणि राष्ट्रीय परीक्षा आहे. आपल्याकडे असे कोणी दारात अडवत नसल्यामुळे आठ दिवसांचा वर्ग केलेला आणि वर्षभर देखरेखीखाली शिकलेला असे दोघेही एकाच नावाने काम करू शकतात. ग्राहकाला फरक कळतो तो बहुधा दुखापत झाल्यावर. म्हणून कोणत्या दर्जाचे शिक्षण घ्यायचे, हे शिकणाऱ्यालाच ठरवावे लागते, आणि पुढील पायऱ्या त्या निर्णयासाठीच लिहिल्या आहेत.

पहिली पायरी : वाट निवडणे

हे काम शिकण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत. चौथी वाट त्यांच्या शेजारून जाते, पण ती वेगळी आहे.

पहिली वाट आयुर्वेदाची. पंचकर्म केंद्रात अभ्यंग (तेलाची मालिश), स्वेदन (शेक किंवा वाफेने घाम आणणे), शिरोधारा (कपाळावर तेलाची धार), पिंडस्वेद (पोटलीचा शेक) ही कामे पंचकर्म तंत्रज्ञ किंवा थेरपिस्ट करतो. वमन (उलटी), विरेचन (जुलाब), बस्ती (औषधी एनिमा), नस्य (नाकातून औषध) आणि रक्तमोक्षण (रक्त काढणे) ही मुख्य पाच कर्मे असून अभ्यंग व स्वेदन ही त्यांच्या आधीची तयारी, म्हणजे पूर्वकर्मे आहेत, हे शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी माहीत असले पाहिजे. कोणत्या रुग्णाला कोणते तेल, किती दिवस आणि कोणते कर्म, हे नोंदणीकृत वैद्य ठरवतो. तंत्रज्ञ ते त्याच्या सूचनेप्रमाणे पार पाडतो. केंद्रीय आयुर्वेदीय विज्ञान अनुसंधान परिषदेतर्फे केरळातील चेरुथुरुथी येथील राष्ट्रीय पंचकर्म संशोधन संस्थेत पंचकर्म तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम चालतो. सोलापुरातच शेठ गोविंदजी रावजी आयुर्वेद महाविद्यालय आणि त्याला जोडलेले रुग्णालय आहे. तिथल्या पंचकर्म विभागाचे काम कसे चालते हे परवानगी घेऊन पाहावे, म्हणजे ही वाट आपल्याला मानवेल की नाही याचा अंदाज येईल.

दुसरी वाट निसर्गोपचाराची. पुण्यातील राष्ट्रीय प्राकृतिक चिकित्सा संस्था उपचार सहायकाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम चालवते. त्यात मालिशीबरोबर जलोपचार, माती-लेप, वाफ आणि आहार यांचे काम शिकवले जाते. महात्मा गांधींनी १९४६ मध्ये सुरू केलेला उरुळी कांचनचा निसर्गोपचार आश्रम तर सोलापूर-पुणे रेल्वेमार्गावरच आहे. जिथे माणसे अनेक दिवस मुक्कामी राहून उपचार घेतात, अशा ठिकाणच्या कामाची शिस्त स्पापेक्षा वेगळी असते, आणि माझ्या मते नवोदिताचा हात घडायला ती जास्त चांगली असते.

तिसरी वाट स्पा थेरपीची. केंद्र सरकारच्या शिल्पकारागीर प्रशिक्षण योजनेत, म्हणजे आयटीआयच्या व्यवसायांत, ‘स्पा थेरपी’ हा एक वर्षाचा व्यवसाय आहे. विजापूर रस्त्यावरील शासकीय आयटीआयमध्ये जाऊन प्रवेशाची माहिती घ्यावी, आणि त्या वर्षी हा व्यवसाय राज्यातील कोणत्या संस्थांत उपलब्ध आहे हे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या संकेतस्थळावर पाहावे. याशिवाय ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलने सहायक स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट या कामांसाठी राष्ट्रीय व्यवसाय मानके ठरवली आहेत. त्यांवर आधारलेले अल्पमुदतीचे वर्ग सरकारी योजनांतून आणि खासगी केंद्रांतून चालतात.

शेजारची चौथी वाट फिजिओथेरपीची. ती चार वर्षांच्या पदवीची आणि त्यानंतरच्या इंटर्नशिपची आहे. ‘नॅशनल कमिशन फॉर अलाइड अँड हेल्थकेअर प्रोफेशन्स’ या २०२१ च्या कायद्याखाली हा व्यवसाय येतो, आणि महाराष्ट्रात त्यासाठी वेगळी राज्य परिषदही आहे. बारावीला विज्ञान असेल आणि रुग्णांचे पुनर्वसन हीच मनातली इच्छा असेल, तर मालिशीचा छोटा अभ्यासक्रम करून मागच्या दाराने तिथे पोहोचता येत नाही. ती पदवीच घ्यावी लागते. मालिश शिकलेल्या माणसाने स्वतःला फिजिओथेरपिस्ट म्हणवून घेणे ही रुग्णाची फसवणूक आहे.

दुसरी पायरी : प्रमाणपत्राचे वजन तपासणे

प्रमाणपत्रावर सोनेरी शिक्का आणि ‘आंतरराष्ट्रीय’ असा शब्द असला म्हणजे ते मान्यताप्राप्त झाले असे नाही. भारतात कौशल्य शिक्षणाची पातळी राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखड्यानुसार ठरते. हा आराखडा डिसेंबर २०१३ मध्ये अधिसूचित झाला, आणि २०२३ च्या सुधारणेनंतर त्यात १ ते ८ अशा पातळ्या आहेत. पात्रतांना मान्यता देणे आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांवर देखरेख ठेवणे हे काम राष्ट्रीय व्यावसायिक शिक्षण व प्रशिक्षण परिषद करते. केंद्रचालकाला सरळ विचारावे : हा अभ्यासक्रम आराखड्याच्या कोणत्या पातळीचा आहे, पात्रतेचा सांकेतिक क्रमांक काय, परीक्षा घेणारी संस्था कोणती, आणि परीक्षक बाहेरचा असतो की शिकवणाराच गुण देतो. या चार प्रश्नांची लेखी उत्तरे मिळाली की ‘स्किल इंडिया डिजिटल हब’ या सरकारी संकेतस्थळावर ती पडताळून पाहावीत. उत्तर टाळले गेले, तर शुल्क भरण्यापूर्वीच परत फिरावे.

महाराष्ट्र राज्य कौशल्य, व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण मंडळाचेही मान्यताप्राप्त अभ्यासक्रम असतात. तिथेही अभ्यासक्रमाची मान्यता आणि त्या विशिष्ट केंद्राची मान्यता या दोन गोष्टी वेगवेगळ्या तपासाव्या लागतात, कारण अभ्यासक्रम खरा पण केंद्र मान्यता नसलेले, असे होऊ शकते.

परदेशी प्रमाणपत्रांबाबत थोडक्यात सांगायचे तर, सिडेस्को ही सौंदर्य व स्पा उपचारांची १९४६ मध्ये स्थापन झालेली संस्था आणि आयटेक ही ब्रिटिश परीक्षा संस्था यांची नावे मोठ्या हॉटेलांत आणि जहाजांवरच्या स्पांमध्ये ओळखली जातात. त्यांचा खर्च मोठा असतो. सोलापुरात किंवा पुण्यात नोकरी करायची असेल, तर पहिल्या वर्षी त्यांच्या मागे लागण्याची गरज नाही. थाई मालिश शिकायची असेल तर हे माहीत असावे की जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये आयुर्वेद, निसर्गोपचार, चीनची तुइना मालिश आणि थायलंडची नुआद थाई, म्हणजे थाई मालिश, यांच्या प्रशिक्षणासाठी मापदंड प्रसिद्ध केले आहेत. म्हणजे या पद्धतींनाही रीतसर अभ्यास लागतो. दोन दिवसांच्या कार्यशाळेतून थाई मालिशीची ओळख होते. त्या बळावर ग्राहकाच्या मणक्याला ताण देऊ नये.

वर्षानुवर्षे बाळंतिणीची मालिश करणाऱ्या किंवा तालमीत हात बसलेल्या माणसांनी ‘पूर्वज्ञान मान्यता’ या सोयीची चौकशी अवश्य करावी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत ही सोय आणली गेली. तिच्यात आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र दिले जाते. अशा अनुभवी हातांना कागद मिळणे हे मला अत्यंत महत्त्वाचे वाटते, कारण त्यांचे कौशल्य अनेकदा वर्गात शिकलेल्यांपेक्षा सरस असते आणि तरीही मोबदला मात्र त्यांनाच कमी मिळतो.

तिसरी पायरी : केंद्र स्वतः जाऊन पाहणे

माहितीपत्रकावर निर्णय घेऊ नये. वर्ग चालू असताना अर्धा दिवस बसण्याची परवानगी मागावी. प्रत्येक दोन-तीन शिकणाऱ्यांमागे एक मालिशीचा पलंग आहे का, हाडांचा सांगाडा किंवा स्नायूंचे चांगले तक्ते आहेत का, शिकवणारा स्वतः किती वर्षे काम करतो आणि तो शिकणाऱ्याचा हात धरून दुरुस्त करतो की दुरूनच सांगतो, हे पाहावे. एकूण तासांपैकी निम्म्याहून अधिक वेळ प्रत्यक्ष हाताच्या कामाला असावा, आणि त्यातला काही भाग तरी बाहेरून येणाऱ्या, वेगवेगळ्या वयाच्या आणि बांध्याच्या माणसांवर शिक्षकाच्या देखरेखीखाली व्हावा, अशी माझी ठाम अपेक्षा आहे. वर्गमैत्रिणीच्याच पाठीवर वर्षभर सराव केलेल्या मुलीला साठ वर्षांच्या, मधुमेह असलेल्या, पालथे झोपता न येणाऱ्या आजींसमोर काय करावे हे सुचत नाही.

शुल्काची पावती, शुल्क परत करण्याचा नियम आणि नोकरीच्या आश्वासनाचा नेमका अर्थ हे लेखी घ्यावे. ‘शंभर टक्के नोकरी’ असे म्हणणाऱ्या केंद्राकडे मागच्या तुकडीतील दोन-तीन विद्यार्थ्यांशी बोलण्याची मागणी करावी.

चौथी पायरी : शरीर शिकणे

अनेकांना वाटते की मालिशीत पुस्तकी अभ्यास नसतो. खरे पाहता चांगल्या अभ्यासक्रमाचा पाया शरीररचना आणि शरीरक्रिया हाच असतो. हाडे, सांधे, मुख्य स्नायू, ते कुठून निघतात आणि कुठे जोडले जातात, रक्ताभिसरण, लसीका (लिम्फ), मज्जासंस्था आणि त्वचा यांची माहिती असल्याशिवाय हाताखाली काय लागते आहे हे समजत नाही. खांद्यापासून मानेपर्यंत पसरलेला ट्रॅपेझियस, खांद्याचे पाते वर उचलणारा लेव्हेटर स्कॅप्युली, कमरेचा क्वाड्रेटस लम्बोरम आणि नितंबातला पिरिफॉर्मिस एवढ्या चार स्नायूंचा नीट अभ्यास केला, तरी रोजच्या तक्रारींपैकी बऱ्याच तक्रारींचा उलगडा होतो.

सोलापूरच्या संदर्भात हा अभ्यास अगदी जवळचा आहे. विड्या वळणाऱ्या महिला दिवसभर मांडी घालून, मान पुढे झुकवून आणि बोटांची एकच हालचाल हजारो वेळा करत बसतात. त्यांची मान, खांद्याची पाती आणि अंगठ्याचा तळ दुखतो. यंत्रमागावर उभे राहून पाळी करणाऱ्या कामगारांच्या पोटऱ्या आणि कंबर भरून येतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या पायांत फुगलेल्या शिराही दिसतात. शिकणाऱ्याने आपल्या घरातल्या किंवा गल्लीतल्या माणसांचे काम पाहावे, कोणता स्नायू सतत आखडलेला राहतो आणि कोणता ताणलेला राहतो हे वहीत लिहावे, आणि मग पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहावे. या अभ्यासाला खर्च नाही, आणि तो विसरला जात नाही.

हाताच्या क्रियांची नावेही येथेच पाठ होतात. लांब सरकता स्पर्श म्हणजे एफ्लुराज, मळल्यासारखी पकड म्हणजे पेट्रिसाज, एका जागी खोल घर्षण म्हणजे फ्रिक्शन, हलक्या थापा म्हणजे टॅपोटमेंट, आणि कंपन म्हणजे व्हायब्रेशन. स्पाच्या मुलाखतीत हीच नावे विचारली जातात.

पाचवी पायरी : कधी हात लावायचा नाही हे शिकणे

सगळ्या प्रशिक्षणातला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे, आणि छोट्या वर्गांत सर्वांत कमी वेळ यालाच दिला जातो. ज्या केंद्रात निषिद्ध स्थितींचा स्वतंत्र पाठ आणि त्यावर परीक्षा नाही, ते केंद्र निवडू नये.

ताप, त्वचेचा संसर्गजन्य रोग, उघडी जखम, नुकतेच मोडलेले हाड, ताजी सूज, नियंत्रणात नसलेला रक्तदाब या स्थितींत मालिश करायची नाही, हे सर्वत्र सांगितले जाते. पण खरा धोका न दिसणाऱ्या स्थितींत असतो. एकाच पायाची पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, आणि ती व्यक्ती नुकतीच शस्त्रक्रियेतून, बाळंतपणातून, प्लास्टरमधून किंवा लांबच्या प्रवासातून गेली असेल, तर खोल शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. ती पोटरी चोळली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि जीवही जाऊ शकतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत हा धोका वाढलेला असतो, म्हणून बाळंतिणीची मालिश करणाऱ्या प्रत्येकीला ही खूण पाठ असलीच पाहिजे. अशा वेळी पायाला हात न लावता त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवावे.

डावा खांदा, हात किंवा जबडा दुखतो आहे, सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण आहे, अशी व्यक्ती ‘जरा खांदा चोळून द्या’ म्हणत आली, तर ते हृदयविकाराचे लक्षण असू शकते. तेलाची बाटली बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. कंबरदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा येणे, पायातली ताकद कमी होणे, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे यांपैकी काही असेल, तर ते साधे आखडणे नव्हे; मज्जातंतूंवरचा दाब, मणक्याचा क्षयरोग किंवा गाठ यांचा शोध डॉक्टरने घ्यायचा असतो.

मधुमेह असलेल्या अनेकांच्या तळपायांची संवेदना कमी झालेली असते. त्यांना गरम शेक किती गरम आहे ते कळत नाही, आणि भाजलेली जखम महिनोन्महिने भरत नाही. शेक देण्यापूर्वी पोटली आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहावी, आणि संवेदना कमी असेल तर पायाला शेक देऊच नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांना खोल दाब दिल्यास आतून रक्तस्राव होऊ शकतो. फुगलेल्या शिरांवर दाब देत नाहीत. मानेची पुढची बाजू, काख, कोपराची पुढची आणि गुडघ्याची मागची खोबण, जांघ येथे मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू अगदी वरवर असतात, म्हणून तिथे जोर लावायचा नसतो. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर उपचार करणाऱ्या डॉक्टरची लेखी संमती घ्यावी. गरोदर स्त्रीची मालिश हा वेगळ्या प्रशिक्षणाचा विषय आहे. ते घेतले नसेल तर नकार द्यावा. सिझेरियन झालेल्या बाळंतिणीच्या पोटाला जखम भरून डॉक्टरने परवानगी देईपर्यंत हात लावायचा नाही.

बाळाच्या नाकात-कानात तेल सोडण्याची घरगुती पद्धत अजून चालू आहे. नाकातले तेल श्वासाबरोबर फुप्फुसात गेले तर न्यूमोनिया होऊ शकतो. घरातल्या आजींना न दुखावता, पण ठामपणे, हे सांगण्याची जबाबदारी शिकलेल्या व्यक्तीची आहे.

मान झटक्यात फिरवून कडकन आवाज काढणे हे कोणत्याही परिस्थितीत करू नये. त्या झटक्याने मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर पडून पक्षाघात होऊ शकतो. ग्राहक स्वतःहून मागतो, पैसे जास्त देतो म्हणतो, पूर्वी दहादा करून घेतले आहे असे सांगतो. तरीही नाहीच म्हणावे.

या सर्व गोष्टी लक्षात ठेवण्यासाठी पहिल्या भेटीचा छापील अर्ज करावा. आजार, औषधे, शस्त्रक्रिया, ॲलर्जी, गरोदरपण यांचे प्रश्न त्यात असावेत. सोलापुरात अनेक घरांत तेलुगू किंवा कन्नड बोलले जाते, म्हणून हे प्रश्न त्या भाषांतही लिहून घेतले तर वयस्कर माणसे मोकळेपणाने खरे सांगतात. इंडियन रेड क्रॉस किंवा सेंट जॉन ॲम्ब्युलन्स यांचे प्रथमोपचाराचे प्रशिक्षण याच काळात घ्यावे. मिनिटाला १०० ते १२० या वेगाने छातीवर दाब कसा द्यायचा, हे वाचून येत नाही. पुतळ्यावर सराव करावा लागतो.

सहावी पायरी : स्वतःचे शरीर जपणे

मालिश करणाऱ्याचे अंगठे, मनगटे आणि कंबर हीच त्याची साधने असतात, आणि चुकीच्या सवयींमुळे ती काही वर्षांतच निकामी होतात. पलंगाची उंची शिकणाऱ्याने आपल्या मापाने ठरवावी : बाजूला सरळ उभे राहून हात खाली सोडला आणि मूठ वळली, तर मुठीची पेरे पलंगाच्या पृष्ठभागाला जेमतेम टेकावीत. खोल दाबासाठी पलंग थोडा खाली घ्यावा. एक पाय पुढे आणि एक मागे ठेवून, गुडघे किंचित वाकवून अंगाचे वजन हातावर सोडायचे असते. खांद्याच्या जोराने ढकलायचे नसते. सगळा दाब अंगठ्याने देऊ नये. मूठ, कोपराजवळचा हाताचा भाग आणि तळवा यांचा वापर शिकून घ्यावा. पहिल्या महिन्यात रोज तीन-चारांहून अधिक पूर्ण मालिशी घेऊ नयेत, असा माझा सल्ला आहे, मग मालक कितीही घाई करो.

सातवी पायरी : स्वच्छता, पाणी आणि तेल

प्रत्येक ग्राहकाआधी आणि नंतर कोपरापर्यंत हात धुणे, नखे बारीक कापणे, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवणे आणि प्रत्येकासाठी धुतलेला वेगळा पंचा व चादर वापरणे हे किमान नियम आहेत. नळाला रोज पाणी येत नाही अशा भागात राहणाऱ्याने वर्गातच हिशोब शिकून घ्यावा, की दिवसाला किती टॉवेल लागतील, ते कधी धुतले जातील आणि पाण्याची साठवण किती हवी. पाण्याच्या टंचाईमुळे टॉवेल दोघांना वापरण्याची सवय एकदा लागली की ती सुटत नाही. टेरी टॉवेल तर आपल्याच शहरात बनतात. कारखान्यांच्या दुकानांतून ते स्वस्तात भरपूर घेऊन ठेवता येतात.

तेलाच्या बाबतीत एक धोका फार थोड्या वर्गांत सांगितला जातो. आपल्या भागात करडईचे तेल मुबलक मिळते आणि मालिशीलाही वापरले जाते. करडई, जवस यांसारखी तेले हवेतील प्राणवायूशी संयोग पावतात आणि त्या क्रियेत उष्णता तयार होते. अशा तेलाने भिजलेले टॉवेल धुतल्यावरही त्यांत तेल राहते, आणि ते ड्रायरमधून गरमागरम काढून ढीग करून ठेवले किंवा उन्हाळ्यात बंद खोलीत साठवले, तर ती उष्णता आत कोंडून आपोआप आग लागू शकते. म्हणून तेलकट टॉवेल वेगळे, गरम पाण्यात आणि जास्त साबणाने धुवावेत, दोरीवर मोकळे वाळवावेत, आणि पूर्ण थंड झाल्यावरच घड्या घालाव्यात. न धुतलेले टॉवेल झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवावेत.

नवीन तेल वापरण्यापूर्वी ग्राहकाच्या हातावर आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहावे. बदाम, तीळ किंवा शेंगदाणा यांची ॲलर्जी असणारी माणसे असतात.

आठवी पायरी : संमती आणि मर्यादा

मालिशीचे काम बंद खोलीत, अंगावर कमी कपडे असलेल्या माणसाबरोबर चालते. त्यामुळे शिष्टाचार हाही अभ्यासक्रमाचाच भाग आहे. काय करणार, कोणत्या भागाला हात लावणार, किती वेळ लागेल हे आधी सांगून होकार घ्यावा. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग उघडा ठेवून बाकीचे शरीर चादरीने झाकण्याची पद्धत वर्गात पुन्हा पुन्हा करून घ्यावी. दाब किती वाटतो हे एक ते दहाच्या मापात विचारत राहावे, आणि ग्राहक ‘थांबा’ म्हणाला की त्याच क्षणी हात उचलावा. अल्पवयीन मुलाची मालिश पालक खोलीत असतानाच करावी.

हीच मर्यादा ग्राहकालाही लागू आहे. कोणी अश्लील बोलला किंवा तसे वागला, तर मालिश तिथेच थांबवून खोलीबाहेर पडण्याचा अधिकार काम करणाऱ्या व्यक्तीला आहे, आणि चांगले केंद्र हा नियम भिंतीवर लावते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा अधिक माणसे काम करत असतील तिथे अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान जागेतील महिला, किंवा ज्यांची तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे त्या, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करू शकतात. घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार करावी लागते. नोकरी स्वीकारण्यापूर्वी मालकाला या समितीबद्दल विचारावे. त्याच्या उत्तरावरून बरेच काही समजते. नेमणूकपत्र, पगार आणि कामाचे तास लेखी न देणाऱ्या, मूळ ओळखपत्रे स्वतःकडे ठेवून घेणाऱ्या ठिकाणी, विशेषतः परगावी, मुलींनी जाऊ नये.

नववी पायरी : स्वतःचे काम सुरू करताना

निदान एक वर्ष दुसऱ्याच्या हाताखाली काम केल्यावरच स्वतःची जागा घ्यावी. लहान व्यवसायाची उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन होते. त्याशिवाय महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ प्रमाणे माणसांच्या संख्येनुसार सूचना किंवा नोंदणी करावी लागते. घरोघरी जाऊन काम करणाऱ्यांनी पत्ता, वेळ आणि परतण्याची वेळ घरच्या एका व्यक्तीला कळवण्याची पद्धत ठेवावी.

फलक आणि जाहिरात लिहिताना सर्वाधिक काळजी घ्यावी. औषधे व चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ च्या अनुसूचीत मधुमेह, पक्षाघात, संधिवात, कर्करोग असे अनेक रोग आहेत, आणि ते बरे करण्याच्या जाहिरातींना या कायद्याने मनाई आहे. ‘मालिशीने लकवा बरा’ असा फलक लावणे कायद्यात बसत नाही, आणि त्यावर विश्वास ठेवणाऱ्या रुग्णाचे उपचाराचे मोलाचे दिवस त्यात वाया जातात. आपल्या नावामागे ‘डॉक्टर’ किंवा ‘वैद्य’ लावू नये. ‘थकवा, आखडलेले स्नायू आणि विश्रांतीसाठी प्रशिक्षित मालिश’ एवढे लिहिले तरी पुरते. त्याखाली आपल्या प्रमाणपत्राचे नाव, पातळी आणि क्रमांक द्यावा, म्हणजे ग्राहकाला ते पडताळून पाहता येईल.

प्रत्येक ग्राहकाची नोंद ठेवावी : तारीख, तक्रार, कोणत्या भागावर काय केले, कोणते तेल वापरले, नंतर कसे वाटले, आणि कोणाला डॉक्टरकडे पाठवले. ही वही कुलपात ठेवावी आणि तिच्यातली माहिती कोणालाही सांगू नये. सहा महिन्यांनी ती आपल्या शिक्षकाला किंवा ओळखीच्या वैद्याला नावे झाकून दाखवावी. कोणत्या तक्रारींत आपले काम अपुरे पडते हे त्यातून कळते, आणि पुढचा अभ्यासक्रम कोणता घ्यायचा हे त्यावरून ठरवावे.